शेजारच्या खाटेची काळजी

रुग्णालयाला उर्दूत 'शिफाखाना' असा एक सुंदर शब्द आहे. शिफा म्हणजे आजारातून बरे होणे. जेथे माणूस बरा होतो, ते घर म्हणजे शिफाखाना. मराठीत आपण दवाखाना, इस्पितळ, रुग्णालय असे शब्द वापरतो. शब्द कोणताही असो, तेथे जाणाऱ्याच्या मनात एकच आशा असते. येथून बरे होऊन घरी जायचे.

पण कधी कधी उलटेच घडते. समजा, पाय मोडला म्हणून एक आजोबा रुग्णालयात दाखल झाले. पायाला प्लास्टर लागले. आठवड्याने घरी जायचे ठरले. पण पाचव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. अंग ठणकू लागले, घसा दुखू लागला, कोरडा खोकला सुरू झाला. रुग्णालयात येताना त्यांना ताप नव्हता. मग हा ताप आला कोठून? तो शेजारच्या खाटेवरून आला असेल. भेटायला आलेल्या नातवाबरोबर आला असेल. किंवा औषध देणाऱ्या परिचारिकेच्या हातावरूनही आला असेल. या तापाचे नाव इन्फ्लुएन्झा. त्यालाच आपण थोडक्यात 'फ्लू' म्हणतो.

तरुण आणि धडधाकट माणूस फ्लूने काही दिवस अंथरुणाला खिळतो आणि साधारण आठवड्याभरात बरा होतो. पण रुग्णालयात धडधाकट माणसे किती असतात? तेथे म्हातारी माणसे असतात, तान्ही बाळे असतात, गरोदर स्त्रिया असतात. कोणाला दमा असतो, कोणाला मधुमेह, कोणाला हृदयविकार. अशा माणसांना फ्लू झाला, तर त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून रुग्णालयात फ्लू पसरू न देणे हे रुग्णाला औषध देण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. ते काम कसे चालते, ते आपण पाहू.

शत्रूची ओळख

इन्फ्लुएन्झा हा शब्द इटालियन भाषेतला आहे. त्याचा अर्थ 'प्रभाव' असा होतो. आकाशातील ग्रहताऱ्यांच्या प्रभावामुळे ही साथ येते, असे त्या काळी लोकांना वाटे. खरे कारण पुष्कळ उशिरा कळले. १९३३ मध्ये लंडन येथे स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तीन शास्त्रज्ञांनी माणसाला होणाऱ्या फ्लूचा विषाणू शोधून काढला. त्यांनी रुग्णांच्या घशातील स्राव फेरेट नावाच्या प्राण्यांच्या नाकात सोडला. हा प्राणी दिसायला थोडासा मुंगसासारखा असतो. काही दिवसांत ते प्राणी शिंकू लागले, त्यांना ताप आला. पुढे १९३६ मध्ये अशाच प्रयोगातील एक आजारी फेरेट एका शास्त्रज्ञाच्या तोंडासमोर शिंकला आणि थोड्याच दिवसांत त्या शास्त्रज्ञालाही फ्लू झाला! एक शिंक काय करू शकते, हे यावरून ध्यानात येते.

हा विषाणू इतका लहान असतो की तो शाळेतील सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्याच्याभोवती चरबीचे एक पातळ आवरण असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. साबणाचा उपयोग का होतो, ते पुढे याच गोष्टीवरून कळेल.

या साथीचे उग्र रूप जगाने १९१८ मध्ये पाहिले. पहिले महायुद्ध संपत आले होते. जहाजांतून सैनिकांची ये-जा चालू होती. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील एक जण गोदीवर पहाऱ्याला होता. तो ताप हिवतापाचा नव्हता. पाहता पाहता साथ शहरभर पसरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर गेली. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मरण पावली, असा अंदाज आहे.

फ्लू कसा पसरतो?

फ्लूचा विषाणू स्वतः चालू शकत नाही किंवा उडू शकत नाही. त्याला वाहन लागते. त्याची वाहने तीन आहेत.

पहिले वाहन म्हणजे तुषार. रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो, तेव्हा त्याच्या तोंडातून आणि नाकातून थेंब उडतात. मोठे थेंब हातभर किंवा दोन हात अंतरावर जाऊन खाली पडतात. जवळ कोणी असेल, तर ते त्याच्या तोंडावर, नाकावर किंवा डोळ्यांत पडतात.

दुसरे वाहन म्हणजे हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण. हे लगेच खाली पडत नाहीत. बंद खोलीत ते बराच वेळ हवेत राहतात.

तिसरे वाहन म्हणजे आपला हात. खाटेची कड, दाराची मूठ, पाण्याचा पेला, दिव्याचे बटण यांवर पडलेला विषाणू हाताला लागतो. तोच हात आपण नकळत नाकाला किंवा डोळ्याला लावतो. स्टील किंवा प्लास्टिक यांसारख्या गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू २४ ते ४८ तास तग धरू शकतो. कापडावर आणि कागदावर तो त्याहून कमी वेळ टिकतो.

आणखी एक अडचण आहे. फ्लूची लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांनी ताप येतो. पण ताप येण्याच्या एक दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना फ्लू देऊ शकतो. म्हणजे जो आज हसतखेळत वॉर्डात फिरतो आहे, तोही विषाणू पसरवीत असू शकतो. म्हणून 'आजारी दिसेल त्याच्यापासूनच जपायचे' हा नियम पुरेसा ठरत नाही.

बंद हवेत काय होते, याचे एक उदाहरण पाहा. मार्च १९७७ मध्ये अमेरिकेतील अलास्का येथे एक विमान इंजिनातील बिघाडामुळे सुमारे तीन तास जमिनीवरच थांबले. विमानात ५४ माणसे होती. त्यांतील एका प्रवाशाला फ्लू झाला होता. हवा खेळती ठेवणारे यंत्र बंद होते. पुढच्या ७२ तासांत शंभरात ७२ या प्रमाणात प्रवासी आजारी पडले. एक रुग्ण आणि कोंडलेली हवा, एवढे फ्लूला पुरेसे झाले. आता त्या विमानाच्या जागी खिडक्या बंद असलेला वॉर्ड डोळ्यांसमोर आणा.

याच्या उलट घडलेली गोष्टही आहे आणि ती एका रुग्णालयातलीच आहे. १९५७ च्या सुमारास जगभर फ्लूची मोठी साथ आली होती. अमेरिकेतील लिव्हरमोर येथील रुग्णालयात क्षयाचे रुग्ण राहत असत. तेथील एका इमारतीत खोल्यांच्या वरच्या भागात अतिनील किरणांचे दिवे लावलेले होते. या किरणांमुळे हवेतील जंतू आणि विषाणू निकामी होतात. त्या इमारतीत शंभरात सुमारे दोन रुग्णांनाच फ्लूची लागण झाली. दिवे नसलेल्या इमारतीत हेच प्रमाण शंभरात सुमारे एकोणीस होते. रुग्णालयातील हवेची काळजी घेतली, तर केवढा फरक पडतो!

दारापासून सुरुवात

फ्लूला अडवण्याचे काम रुग्णालयाच्या दारातच सुरू व्हायला हवे. केसपेपर काढण्याच्या रांगेत ताप-खोकल्याचा रुग्ण आणि गरोदर स्त्री एकमेकांना खेटून उभी राहिली, तर डॉक्टरांची भेट होण्याआधीच नुकसान होऊन जाते. म्हणून ताप आणि खोकला असलेल्यांना दारातच विचारून वेगळे बसवतात. त्यांना तोंडावर लावायला मास्क देतात. साथीच्या दिवसांत त्यांच्यासाठी वेगळी खिडकी आणि वेगळा तपासणी कक्ष ठेवतात.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू या नावाने ओळखल्या गेलेल्या नव्या फ्लूची साथ आली. या साथीतील भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. शहरात घबराट पसरली. साधी सर्दी झालेले लोकही तपासणीसाठी पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर रांगा लावून उभे राहिले. ज्यांना फ्लू नव्हता, तेही फ्लूच्या रुग्णांबरोबर तासन्तास एकाच गर्दीत होते. पुढे केंद्र सरकारने रुग्णांचे तीन गट ठरवून दिले. सौम्य ताप-खोकला असलेल्यांनी तपासणीसाठी धाव न घेता घरीच विश्रांती घ्यावी, जोखमीच्या लोकांवर डॉक्टरांनी लवकर उपचार सुरू करावेत आणि धाप लागणे, छातीत दुखणे अशी गंभीर लक्षणे असलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे, असे त्या गटांचे साधारण स्वरूप होते. रुग्णालयातील गर्दी कमी करणे हादेखील साथ रोखण्याचाच उपाय आहे, हे तेव्हा सर्वांना कळले.

वॉर्डातील नियम

फ्लूच्या रुग्णाला शक्य असेल तर स्वतंत्र खोलीत ठेवतात. तेवढ्या खोल्या नसतील, तर फ्लूचेच रुग्ण एका वॉर्डात एकत्र ठेवतात आणि दोन खाटांमध्ये निदान एक मीटर अंतर राखतात. आजार सुरू झाल्यापासून सात दिवस, किंवा ताप उतरल्यावर आणखी एक पूर्ण दिवस, यांपैकी जो काळ जास्त असेल तोपर्यंत ही काळजी घेतली जाते. रुग्णांना आजारांप्रमाणे वेगळे ठेवण्याची कल्पना नवी नाही. कैरो शहरात १२८४ मध्ये सुलतान कलाऊन याने बांधलेल्या मोठ्या रुग्णालयात तापाच्या रुग्णांसाठी वेगळी दालने होती.

वॉर्डाच्या खिडक्या समोरासमोर असतील आणि त्या उघड्या असतील, तर एका बाजूने हवा आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते. हा उपाय जवळजवळ फुकटचा आहे. तरीही थंडीमुळे, पावसामुळे किंवा डासांमुळे खिडक्या बंदच राहतात. डासांसाठी जाळी लावता येते. खिडकी बंद ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे.

आता हातांकडे वळू. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील रुग्णालयात सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तेथे बाळंतिणी तापाने फार मोठ्या संख्येने मरत असत. डॉक्टर मृतदेहांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात, हे सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले. त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे दोनवर आले. तो ताप फ्लूचा नव्हता, पण त्यातून मिळालेला धडा फ्लूलाही लागू पडतो. बरे करणारा हातच आजार पोहोचवू शकतो.

म्हणून आज डॉक्टर आणि परिचारिका यांनी हात केव्हा स्वच्छ करावेत, याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, इंजेक्शन किंवा सलाईन यांसारख्या निर्जंतुक कामापूर्वी, रक्त, थुंकी अशा स्रावांशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. साबण आणि पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. अल्कोहोलयुक्त द्रव चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात. साबण आणि अल्कोहोल यांमुळे विषाणूभोवतीचे चरबीचे आवरण फुटते आणि तो निकामी होतो. तेलकट ताट साबणाने स्वच्छ होते ना, तसेच काहीसे येथे घडते.

हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नकोत, असे काहींना वाटते. ते चूक आहे. एकाच हातमोज्यांनी दहा रुग्णांना तपासले, तर रोग दहाही खाटांवर पोहोचतो. मास्कचेही तसेच आहे. तो नाक आणि तोंड दोन्ही झाकत असेल, तरच उपयोगी. हनुवटीवर उतरवलेला मास्क कोणाचेच रक्षण करत नाही.

या सर्वांत सफाई कामगारांचा वाटा फार मोठा आहे. खाटेचा दांडा, कपाट, दाराची मूठ, रक्तदाब मोजण्याचा पट्टा या वस्तू ते जंतुनाशकाने पुसतात. रुग्णाची चादर न झटकता हलकेच गुंडाळून नेतात, कारण झटकली की त्यावरील कण हवेत उडतात. त्यांचे नाव केसपेपरवर नसते, पण रुग्णाच्या बरे होण्यात त्यांचा हात असतो. म्हणून त्यांनाही मास्क, हातमोजे आणि लस मिळाली पाहिजे.

आजारी सेवक आणि प्रेमळ पाहुणे

आजारी असूनही कामावर येणाऱ्या माणसाचे आपण कौतुक करतो. 'अंगात ताप आहे, तरी रजा घेतली नाही', असे अभिमानाने सांगतो. रुग्णालयात मात्र हा गुण दोष ठरतो. ताप आणि खोकला असलेली परिचारिका वॉर्डात आली, तर ती सेवेबरोबर फ्लूही वाटते. तिने घरी राहणे हेच त्या दिवसाचे खरे कर्तव्य होय. पण त्यासाठी तिला रजा मिळाली पाहिजे आणि तिचे काम करायला दुसरे कोणी असले पाहिजे. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार असेल, तर तो ताप लपवून कामावर येईल. म्हणजे हा प्रश्न एकट्या माणसाचा नाही, व्यवस्थेचाही आहे.

रुग्णालयातील सर्वांनी दर वर्षी फ्लूची लस घ्यावी, असे तज्ज्ञ सांगतात. दर वर्षी का? कारण हा विषाणू आपले रूप सतत बदलतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते विषाणू असावेत, ते सुचवते. लस घेतल्यावर शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. लस प्रत्येकाला पूर्ण वाचवते असे नाही. पण ती धोका कमी करते आणि लस घेऊनही फ्लू झालाच, तर तो सहसा सौम्य राहतो. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. फ्लूविरोधी औषधे वेगळी असतात. ती पहिल्या ४८ तासांत सुरू केली, तर अधिक गुण येतो. अर्थात, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

आता भेटायला येणाऱ्यांविषयी. आजारी माणसाची विचारपूस करणे ही फार चांगली रीत आहे. उर्दूत तिला 'इयादत' म्हणतात. आपल्याकडे एक माणूस आजारी पडला की सारी गल्ली रुग्णालयात जाते. कोणी खजूर नेतो, कोणी डबा नेतो, कोणी मुलांनाही घेऊन जातो. त्यामागे प्रेम असते. पण खोकणारा पाहुणा, किंवा नाक गळणारे लहान मूल, नकळत त्या वॉर्डातील सर्वांना धोक्यात आणते. म्हणून सर्दी-ताप असेल तेव्हा जाऊ नये. फोनवर बोलावे, चिठ्ठी पाठवावी. बरे झाल्यावर जावे, थोडा वेळ थांबावे आणि आत जाताना व बाहेर पडताना हात धुवावेत. रुग्णाजवळ घरचे एक माणूस लागतेच. ते धडधाकट असावे आणि रोज नवे येण्याऐवजी शक्यतो तेच असावे. खाटेवर बसू नये आणि शेजारच्या रुग्णाच्या वस्तूंना हात लावू नये. दारावरचा पहारेकरी अडवतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. तो आपल्याच माणसाला जपत असतो.

एकच उपाय का पुरत नाही?

वर सांगितलेला एकही उपाय एकटा पुरेसा नाही. मास्क सरकतो, हात धुवायचे राहून जातात, लस कधी कमी पडते, खिडकी कोणीतरी बंद करतो. पण सगळे उपाय एकत्र आले, म्हणजे एकातून सुटलेला विषाणू दुसऱ्यात अडकतो. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा जगभर लोकांनी मास्क लावले, अंतर राखले, हात धुतले, प्रवास थांबवला. त्या वर्षी आणि पुढील काही महिन्यांत फ्लूचे रुग्ण जगात आश्चर्य वाटावे इतके कमी झाले. ते उपाय कोरोनासाठी होते, पण त्यांनी फ्लूलाही रोखून धरले.

आपल्या देशात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास डोके वर काढतो. या दिवसांत तुम्ही कधी ना कधी रुग्णालयात जालच. कदाचित आजीला घेऊन जाल, कदाचित मित्राला भेटायला. तेव्हा खोकताना रुमाल किंवा कोपर तोंडासमोर धरा. वॉर्डाच्या दारापाशी ठेवलेल्या बाटलीतील द्रव हाताला चोळा. आणि आत गेल्यावर शेजारच्या खाटेकडे एकदा पाहा. तेथे जो झोपला आहे, त्याला तुम्ही ओळखत नाही. त्याला तुमचे नाव माहीत नाही. तरीही तो शिफाखान्यातून बरा होऊन घरी जाणे थोडेसे तुमच्या हातात असते.

शब्दार्थ

लागण – रोग लागणे, छूत
तुषार – बारीक थेंब, फवारा
तग धरणे – टिकून राहणे
निकामी होणे – निरुपयोगी होणे, बेकार होणे
दालन – मोठी खोली
गुण येणे – औषधाने फायदा होणे, बरे वाटणे
डोके वर काढणे – पुन्हा सुरू होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फ्लूचा विषाणू कोणत्या साली शोधला गेला?
(आ) साबणामुळे विषाणू निकामी का होतो?
(इ) फ्लूची लस दर वर्षी का घ्यावी लागते?

२. कारणे लिहा.
(अ) रुग्णाची चादर झटकू नये.
(आ) ताप असताना परिचारिकेने घरी राहणे हेच तिचे कर्तव्य ठरते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
विमानाचे उदाहरण आणि लिव्हरमोर येथील रुग्णालयाचे उदाहरण यांतून कोणती एकच गोष्ट सिद्ध होते?

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
अंथरुणाला खिळणे, ध्यानात येणे, तग धरणे.

५. तुमच्या मित्राची आई रुग्णालयात आहे आणि तुम्हाला सर्दी-ताप आहे. भेटायला न येण्याचे कारण सांगणारी एक छोटी चिठ्ठी मित्राला लिहा.